ब्रेक रेझिस्टर लाल होण्याआधी: ड्राइव्हच्या ब्रेकिंग सर्किटचं संरक्षण कसं करावं

मे महिना, जालन्याच्या एमआयडीसीतली एक री-रोलिंग मिल, रात्रीचे दोन-अडीच. क्रेन उभी होती, हुक रिकामा होता. ऑपरेटर चहा प्यायला खाली उतरला, सहज वर बघितलं आणि ओरडला, "साहेब, वर काहीतरी लाल दिसायलंय!" क्रेनच्या गर्डरवर, पॅनेलच्या माथ्यावर ठेवलेला होइस्टचा (ओझं वर-खाली करणाऱ्या यंत्रणेचा) ब्रेक रेझिस्टर शेगडीच्या कॉइलसारखा लाल झाला होता. त्याला जोडलेल्या वायरींचं पीव्हीसी वितळून थेंब थेंब खाली गळत होतं. एकाने पळत जाऊन क्रेनचा मेन आयसोलेटर पाडला म्हणून पुढचं टळलं. मी पोहोचलो तेव्हा रेझिस्टर काळा पडून थंड झाला होता आणि वरच्या चॅनेलचा रंग वीतभर भाजून निघाला होता.

मला सर्वांत जास्त खटकलं ते वेगळंच. आयसोलेटर पडेपर्यंत ड्राइव्हच्या, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्राच्या, डिस्प्लेवर "रेडी" लिहिलेलं होतं. कुठलाही फॉल्ट नाही. रेझिस्टरवर थर्मल स्विच (ठरावीक तापमानाला संपर्क तोडणारा) होता, पण त्याच्या दोन वायरी पॅनेलमध्ये एकमेकींना जोडून लूप मारून ठेवल्या होत्या. उन्हाळ्यात वारंवार ट्रिप होतोय म्हणून कुणीतरी "तात्पुरतं डायरेक्ट" केलं होतं. आणि लूप नसता तरी उपयोग झाला नसता, कारण तो स्विच ड्राइव्हच्या डिजिटल इनपुटला दिला होता. ड्राइव्हला थांब म्हणून सांगायचं, आणि बिघाड तर ड्राइव्हच्याच पोटात.

त्यानंतर वाळूज, शेंद्रा, जालना, लातूर, परभणी इथे जिथे जिथे ब्रेक रेझिस्टर असलेलं पॅनेल उघडलं, तिथे मी आधी एकच गोष्ट बघतो: रेझिस्टर तापला तर नेमकं काय बंद होतं? उत्तर "ड्राइव्ह" असेल तर ते पॅनेल अपुरं आहे. उत्तर "ड्राइव्हला येणारा मेन सप्लाय" असंच असायला हवं. ते तसं का, आणि तसं कसं करायचं, ते पुढे सविस्तर सांगतो.

ऊर्जा कुठून येते, कुठे जाते

ओझं खाली येताना किंवा जड ड्रम थांबताना मोटर जनरेटर होते. ती ऊर्जा ड्राइव्हच्या डीसी बसमध्ये (आतल्या डीसी विजेच्या मुख्य जोडणीत) परत येते. साध्या ड्राइव्हचा रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) डायोडचा असतो, तो वीज परत लाइनवर पाठवू शकत नाही. मग बसचा व्होल्टेज चढतो. ४१५ व्होल्ट लाइनवर बस एरवी ५६० ते ५८५ व्होल्टच्या आसपास असते. ती ७५०-७८० पर्यंत गेली की ड्राइव्हमधला ब्रेक चॉपर, म्हणजे एक आयजीबीटी (इलेक्ट्रॉनिक स्विच), रेझिस्टरला बसवर जोडतो. ऊर्जा रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जाते, व्होल्टेज उतरतो, चॉपर बंद होतो. हे सेकंदाला कित्येक वेळा चालू-बंद होत राहतं. चॉपर कमी पडला आणि बस ८००-८२० च्या पुढे गेली तर ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप होतो. नेमके आकडे प्रत्येक मेकचे वेगळे असतात, ते मॅन्युअलमध्ये बघून पॅनेलच्या दारावर लिहून ठेवा.

रेझिस्टरचं एक टोक पी प्लसला (डीसी बसच्या प्लस टर्मिनलला) कायमचं जोडलेलं असतं. मधे स्विच नाही, काही नाही. मशीन उभं असलं, चॉपर बंद असला, तरी ड्राइव्हला सप्लाय आहे तोवर रेझिस्टरच्या दोन्ही टर्मिनलवर जमिनीच्या तुलनेत जीवघेणा व्होल्टेज असतो. "ब्रेक लागत नाही, म्हणजे रेझिस्टर डेड" असं समजून त्याला हात लावणारे वायरमन मी पाहिले आहेत. सप्लाय बंद केल्यावरसुद्धा बसचे कपॅसिटर भरलेले असतात. मॅन्युअलमध्ये ५ मिनिटं लिहिली असतील तर ५, १० लिहिली असतील तर १० मिनिटं थांबायचं, आणि मग १००० व्होल्ट डीसी मोजणाऱ्या, कॅट ३ च्या मीटरने पी प्लस आणि एन मायनस (बसचं मायनस टर्मिनल) यांच्यात मोजायचं. शून्याजवळ दिसल्याशिवाय लगला (वायरीच्या टोकाच्या धातूच्या जोडणीला) पाना लावायचा नाही.

फ्यूज आणि एमसीबी का फसतात

हा भाग सावकाश वाचा, सगळी गोम इथे आहे.

समजा रेझिस्टर ४० ओहमचा आहे. नेहमीच्या ब्रेकिंगमध्ये चॉपर ७६० व्होल्टला चालू होतो तेव्हा करंट ७६० भागिले ४०, म्हणजे १९ अँपिअर. त्या क्षणाची पॉवर १४.४ किलोवॅट. ऐकायला मोठी वाटते, पण ती थोडा वेळच असते, बाकीचा वेळ रेझिस्टर निवतो.

आता चॉपरचा आयजीबीटी शॉर्ट झाला असं धरा. हा बिघाड दुर्मीळ नाही. आयजीबीटी मेला की बहुतेक वेळा शॉर्ट होऊनच मरतो. मग रेझिस्टर बसवर कायमचा जोडला गेला. बसला रेक्टिफायर लाइनमधून अखंड पुरवठा करतोय, व्होल्टेज ५६०, करंट १४ अँपिअर, पॉवर ७.८ किलोवॅट, तीही सतत. रेझिस्टर दीड किंवा तीन किलोवॅटचा असेल तर तो लाल होणारच.

दोन आकडे शेजारी ठेवून बघा. नेहमीच्या कामात १९ अँपिअर, बिघाडात १४. बिघाडाचा करंट कामाच्या करंटपेक्षा कमी आहे! १९ अँपिअरला टिकेल असा फ्यूज घातला तर १४ ला तो उडणार कसा? एमसीबी पडणार कशी? ड्राइव्हच्या मागच्या एमसीसीबीच्या (मोठ्या ब्रेकरच्या) हिशेबाने तर हा साधा लोड आहे, मोटर चालू असताना ती याहून जास्त घेते. करंट किती आहे यावरून हा बिघाड ओळखता येत नाही. तो किती वेळ वाहतोय आणि त्याने किती उष्णता झाली, यावरूनच ओळखता येतो. म्हणून संरक्षण उष्णता मोजणारं हवं. आणि ड्राइव्हला आदेश देऊन भागत नाही, कारण शॉर्ट झालेला आयजीबीटी ड्राइव्हचंही ऐकत नाही. लाइन तोडली तरच हा करंट थांबतो.

मग फ्यूज अजिबात नको का? हवा, पण दुसऱ्या कामासाठी. रेझिस्टरच्या दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तर चॉपरवर सरळ शॉर्ट येतो, तिथे जलद सेमीकंडक्टर फ्यूज उपयोगी पडतो. त्यावर १००० व्होल्ट डीसी असं स्पष्ट लिहिलेलं हवं. ४१५ व्होल्ट एसीची एमसीबी या जागी लावू नका. एसीचा करंट दर अर्ध्या सायकलला शून्यावर येतो म्हणून तिथे ठिणगी विझते. डीसीत तो शून्य येत नाही. ६००-७०० व्होल्ट डीसीचा आर्क त्या एमसीबीत पेटून राहतो आणि एमसीबी स्वतःच जळते.

आधी रेझिस्टर नीट निवडा

कमी वॅटचा रेझिस्टर आला तर पुढचं संरक्षण रोज ट्रिप होणार, आणि रोज ट्रिप होणाऱ्या संरक्षणाला आपल्याकडे आठवड्यात लूप लागतो. जालन्याच्या त्या क्रेनची गोष्ट हीच होती. म्हणून हिशेब आधी.

५ टनांचा होइस्ट, वेग मिनिटाला ६ मीटर, म्हणजे सेकंदाला ०.१ मीटर. ५००० गुणिले ९.८१ गुणिले ०.१ केलं की ४.९ किलोवॅट येतात. गिअरबॉक्समध्ये थोडे जातात, ड्राइव्हपर्यंत साधारण ४.२ पोहोचतात असं धरू. ८ मीटर खाली यायला ८० सेकंद लागतात. दर चार मिनिटांना एकदा पूर्ण ओझं खाली येत असेल तर सरासरी ४.२ गुणिले ८० भागिले २४०, म्हणजे १.४ किलोवॅट. कागदावर दीड किलोवॅटचा रेझिस्टर बसतो, आणि बरेच जण इथेच थांबतात. पण त्या ८० सेकंदांत रेझिस्टर आपल्या रेटिंगच्या जवळजवळ तिप्पट सोसतोय, आणि शिफ्टला कामाचा जोर वाढला की सरासरीही पुढे जाते. ॲल्युमिनियमच्या छोट्या केसमधल्या रेझिस्टरला हे झेपत नाही. मी इथे ३ किलोवॅटचा घेईन. उत्पादकाच्या ओव्हरलोड कर्व्हवर ८० सेकंदांना किती पट चालते तेही तपासेन. लांबच लांब उतार असलेल्या होइस्टला सरासरीपेक्षा हा कर्व्ह जास्त महत्त्वाचा.

ओहम निवडताना ड्राइव्हच्या मॅन्युअलमधला किमान ओहम हा आकडा लक्ष्मणरेषा समजा. त्याच्या खाली गेलात तर चॉपरचा करंट त्याच्या क्षमतेबाहेर जातो. रेझिस्टर कमी पडतोय म्हणून शेजारी तसलाच दुसरा पॅरलल जोडायची सवय अनेकांना आहे. ४० चे दोन पॅरलल म्हणजे २० ओहम, करंट दुप्पट, आणि चॉपर मेला की वर सांगितलेला बिघाड सुरू. वॅट वाढवायचे आणि ओहम तेच ठेवायचे असतील तर चार रेझिस्टर घ्या, दोन-दोन सिरीजमध्ये आणि त्या दोन जोड्या पॅरलल.

साखर कारखान्यातल्या बॅच सेंट्रिफ्युगलसारखं मशीन, जे दर काही मिनिटांनी पूर्ण वेगावरून थांबतं, तिथे रेझिस्टर मोठा करत बसण्यापेक्षा वीज लाइनवर परत देणारा रिजनरेटिव्ह ड्राइव्ह बघावा. हंगामभर तेवढी वीज उष्णतेत घालवणं परवडत नाही.

मुख्य काम: लाइन तोडणारं सर्किट

ड्राइव्हच्या आधी एक कॉन्टॅक्टर (कॉइलने ओढला जाणारा पॉवर स्विच) हवा, ड्राइव्हच्या इनपुट करंटला पुरेल असा. तो रोज मोटर चालू-बंद करायला वापरायचा नाही. पुन्हा पुन्हा लाइन तोडली-जोडली की कपॅसिटर चार्ज करणारं सर्किट थकतं. रोजचं चालू-बंद ड्राइव्हच्या रन कमांडनेच. कॉन्टॅक्टर फक्त संकटासाठी.

कॉइलचा कंट्रोल सप्लाय कॉन्टॅक्टरच्या आधीच्या बाजूने घ्या, वेगळ्या २ किंवा ४ अँपिअरच्या एमसीबीतून. मग वायर अशी फिरवा: इमर्जन्सी स्टॉपचा एनसी (एरवी जुळलेला संपर्क), तिथून रेझिस्टरवरच्या थर्मल स्विचचा एनसी, तिथून ओव्हरलोड रिलेचा (तो पुढे येतोच) एनसी संपर्क ९५-९६, मग ऑन पुश बटनाचा एनओ (एरवी उघडा संपर्क) आणि त्याला पॅरलल कॉन्टॅक्टरचा स्वतःचा १३-१४ होल्ड (बटन सोडल्यावरही कॉइल चालू ठेवणारा), आणि शेवटी कॉइलचा ए१. ए२ न्यूट्रलला. संरक्षणाचे सगळे संपर्क एनसी आणि सिरीजमध्ये आहेत, हे मुद्दाम. वायर तुटली, उंदराने कुरतडली, फेरूल सुटला, तरी कॉन्टॅक्टर पडतो. एनओ संपर्काने ट्रिप कॉइल चालवणारं सर्किट वायर तुटली तर मुकाट बसतं, आणि ते तुटलंय हे आग लागल्यावरच कळतं.

होल्डची वायर विसरू नका. थर्मल स्विच थंड झाला की आपोआप पुन्हा जुळतो. होल्ड नसेल तर कॉन्टॅक्टर परत ओढतो, रेझिस्टर परत तापतो, परत पडतो. रात्रभर हे चालू राहील आणि सकाळपर्यंत कॉन्टॅक्टरचे पॉइंट वेल्ड झालेले असतील. एकदा पडला की माणसाने येऊन, बघून, बटन दाबलं तरच चालू व्हायला हवं. ओव्हरलोड रिलेही मॅन्युअल रिसेटवर ठेवा.

थर्मल स्विचचा छोटा बायमेटल संपर्क फक्त कंट्रोल करंटसाठी आहे. त्यातून रेझिस्टरचा मुख्य करंट नेणारा एक महाभाग मला लातूरला भेटला होता, तो संपर्क पहिल्याच ब्रेकिंगमध्ये चिकटला. कॉन्टॅक्टर मोठा असेल, कॉइलचा झटका जास्त असेल, तर मधे एक छोटा रिले घाला.

होइस्टसाठी एक अट आहे आणि ती आधी पूर्ण करा. लाइन तुटली की ओझं मेकॅनिकल ब्रेकवर येतं. तो ब्रेक पूर्ण ओझ्यासह हवेत धरतो का, लायनिंग किती उरलंय, हे तपासल्याशिवाय हे सर्किट चालू करू नका. आणि ब्रेकची कॉइल अशा ठिकाणाहून दिलेली असावी की हाच कॉन्टॅक्टर पडला की ब्रेकही तत्काळ बसावा. वितळलेलं लोखंड वाहणाऱ्या क्रेनवर मी दोन थर्मल स्विच लावायला सांगतो: कमी तापमानाचा हूटर वाजवतो, म्हणजे ऑपरेटर लॅडल सुरक्षित जागी टेकवेल, आणि जास्त तापमानाचा लाइन तोडतो.

ओव्हरलोड रिले: साधा, स्वस्त, आणि इथे फार कामाचा

थर्मल स्विच रेझिस्टरच्या केसवर बसलेला असतो. आतली तार तापून केस तापेपर्यंत वेळ जातो. जाळीच्या पेटीतल्या मोठ्या रेझिस्टरमध्ये तर तो फ्रेमला कुठेतरी कडेला असतो. म्हणून सोबतीला बायमेटल ओव्हरलोड रिले लावा. त्याच्या आतल्या पट्ट्या करंटच्या उष्णतेने वाकतात, म्हणजे रेझिस्टरमध्ये जे घडतंय त्याचीच छोटी नक्कल. चॉपरचा तुटक करंटही तो बरोबर मोजतो, कारण उष्णता आरएमएस (उष्णतेच्या हिशेबाने परिणामकारक) करंटवरच ठरते.

तिन्ही पोल सिरीजमध्ये जोडा: १ मधून आत, २ मधून बाहेर, ते ३ ला, ४ ते ५ ला, ६ मधून रेझिस्टरकडे. एकाच पोलमधून करंट नेला तर रिलेला वाटतं की दोन फेज गेल्या, आणि तो लवकर ट्रिप होतो. सेटिंग सोपं आहे. रेझिस्टरचे वॅट भागिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ३००० भागिले ४०, ७५, वर्गमूळ ८.६६. रिले ८.६ अँपिअरवर.

आता हे सेटिंग आपल्या होइस्टला लावून बघा. ओझं उतरताना आरएमएस करंट ४२०० भागिले ४० चं वर्गमूळ, म्हणजे १०.२ अँपिअर, सेटिंगच्या १.२ पट, ८० सेकंद. रिले शांत राहतो. चॉपर शॉर्ट झाला तर १४ अँपिअर, म्हणजे १.६ पट, सतत. आयईसी ६०९४७-४-१ प्रमाणे क्लास १० चा (हा ट्रिप होण्याच्या वेगाचा वर्ग) रिले गरम अवस्थेत १.५ पटीला ४ मिनिटांच्या आत पडलाच पाहिजे. म्हणजे इथे तो पडतो. याच जागी दीड किलोवॅटचा रेझिस्टर असता तर सेटिंग ६.१ आलं असतं, रोजचं उतरणंच १.७ पट झालं असतं, आणि कामाच्या जोरात रिले पडत राहिला असता. तो पडणं हा रिलेचा दोष मानू नका, रेझिस्टर लहान आहे हे तो सांगतोय. सेटिंग वाढवून त्याला गप्प बसवू नका.

रिले घेताना तीन गोष्टी विचारा. तो खरा बायमेटलच हवा. आत सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) असलेला इलेक्ट्रॉनिक रिले डीसी बघू शकत नाही, इथे तो शोभेचा ठरतो. उत्पादकाने डीसी वापराला परवानगी दिलेली हवी. आणि त्याचा इन्सुलेशन व्होल्टेज तुमच्या बसच्या कमाल व्होल्टेजला पुरणारा हवा.

रिले पी प्लसच्या वायरमध्ये घाला. चॉपरच्या बाजूला, म्हणजे पीबीच्या (रेझिस्टरचं दुसरं टोक जोडायच्या टर्मिनलच्या) वायरमध्ये, नको. कारण पुढच्या बिघाडात आहे.

अर्थ फॉल्ट, जो अर्धवट असतो

रेझिस्टरची तार सुटून केसला टेकली असं धरा. ती पी प्लसच्या टोकाजवळ टेकली तर सरळ शॉर्ट होतो आणि फ्यूज किंवा इनपुटची एमसीसीबी पडते. पण ती मधोमध टेकली तर? पी प्लस जमिनीच्या तुलनेत सरासरी २८० व्होल्टवर असतो. मधे अर्धा रेझिस्टर, २० ओहम. करंट १४ अँपिअर, आणि त्या अर्ध्या भागात जवळजवळ ४ किलोवॅट. चॉपर बंद असतानाही! इथेही कुठली एमसीबी पडणार नाही. हा करंट पी प्लसमधून निघून जमिनीत जातो, पीबीच्या वायरमध्ये येतच नाही. म्हणून रिले पी प्लसला असेल तरच त्याला दिसतो. साधी आरसीसीबी (गळती ओळखून पडणारा ब्रेकर) या डीसी मिसळलेल्या गळतीला भरवशाची नाही.

रेझिस्टरच्या केसला स्वतंत्र हिरवी-पिवळी अर्थ वायर द्या, मुख्य वायरींपेक्षा बारीक नको. स्टँडच्या बोल्टमधून अर्थ मिळेल असं धरून चालू नका, रंगामुळे तिथे संपर्क होत नाही.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. सिरॅमिक आणि सिमेंटचं आवरण ओल पितं. महिनाभर बंद असलेल्या क्रेनचा रेझिस्टर ऑगस्टमध्ये मेगरला (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राला) फार कमी मेगओहम दाखवतो. मेगर घेताना रेझिस्टरच्या दोन्ही वायरी ड्राइव्हपासून पूर्ण सोडवा, मगच टर्मिनल आणि केसमध्ये १००० व्होल्टने मोजा. ड्राइव्हच्या टर्मिनलला मेगर लावला तर ड्राइव्ह गेला असं समजा. ओल असेल तर गरम हवेने वाळवून पुन्हा मोजायचं.

बसवण्याची जागा

क्रेनच्या पॅनेलवर जागा नसते म्हणून रेझिस्टर पॅनेलच्या माथ्यावर ठेवतात. ते एका बाजूने बरं, गरम हवा वर जाते. पॅनेलच्या खाली किंवा आत ठेवला तर ती हवा थेट ड्राइव्हवर येते. बहुतेक ड्राइव्ह ४० अंशांपर्यंतच पूर्ण क्षमतेने चालतात, आणि मे महिन्यात परभणी-जालन्यात बाहेरच ४२-४३ अंश असतं. पत्र्याखाली गर्डरच्या उंचीवर त्याहून कितीतरी जास्त. त्या जादा अंशांनी रेझिस्टरला फारसा फरक पडत नाही, तो तसाही दोन-तीनशे अंशांपर्यंत जातो. फरक पडतो तो शेजारच्या वायरीला, लगला आणि ड्राइव्हला.

म्हणून रेझिस्टरपासून निघणारी वायर किमान पहिला अर्धा-एक मीटर सिलिकॉन किंवा फायबरग्लासची घ्या. साधं पीव्हीसी ७० अंशांचं असतं. दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन न्या, सिग्नलच्या केबलपासून लांब. एकूण लांबी मॅन्युअल सांगेल तेवढीच, बहुधा ५ ते १० मीटर.

आता परभणी, सेलू, मानवत भागातल्या जिनिंगवाल्यांसाठी. सरकीच्या कापसाची लव कुठेही जाऊन बसते. जाळीच्या पेटीत, रेझिस्टरच्या वेटोळ्यांमध्ये, तिचा पांढरा थर जमतो. तो एकदम पेट घेत नाही, आधी आत धुमसतो, आणि वारा लागला की पेटतो. आजूबाजूला रुईचे ढीग असतात. अशा ठिकाणी रेझिस्टर प्रेस हॉलच्या बाहेर, भिंतीपलीकडे, पत्र्याची टोपी घालून बसवा. केबल थोडी लांबली तरी चालेल, मर्यादेत राहिली म्हणजे झालं. डाळ मिलची पूड आणि साखर कारखान्यातला बगॅसचा भुसा यांनाही हेच लागू. कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करताना लाइन बंद, कपॅसिटर रिकामे, रेझिस्टर थंड, हे तिन्ही बघूनच.

ड्राइव्हमधली सेटिंग

रेझिस्टर लावल्यावर डीसेलरेशन स्टॉल प्रिव्हेन्शन बंद करा. ते चालू राहिलं तर ड्राइव्ह उतरण स्वतःच लांबवतो, रेझिस्टर बसून राहतो, आणि होइस्टवर ते धोक्याचं आहे. ब्रेक रेझिस्टरचे ओहम, वॅट आणि ओव्हरलोड संरक्षण यांचे पॅरामीटर असतील तर खरे आकडे भरा. जास्त कामाने तापणाऱ्या रेझिस्टरला त्याचा उपयोग होतो, शॉर्ट चॉपरला नाही. काही ड्राइव्हमध्ये इनपुट व्होल्टेजच्या सेटिंगवरून चॉपर कधी चालू व्हायचा ते ठरतं. ४१५ च्या लाइनवर ३८० भरलेलं असलं आणि रात्री ग्रामीण फीडरवर व्होल्टेज चढला, तर मोटर उभी असताना चॉपर चालू होण्याची वेळ येऊ शकते.

चॉपर फॉल्ट ओळखणारा रिले आउटपुट असेल तर तोही कॉइलच्या सिरीजमध्ये घ्या. पण असा निवडा की ड्राइव्ह बंद असताना तो संपर्क जुळलेला असेल, नाहीतर कॉन्टॅक्टर कधीच ओढणार नाही. आणि त्याला फक्त चॉपर फॉल्टच नेमून द्या. प्रत्येक फॉल्टला लाइन तोडली तर डिस्प्ले जातो आणि काय झालं ते कळत नाही.

चालू करून बघणं

सगळं जोडलं की थर्मल स्विचची एक वायर सोडा. कॉन्टॅक्टर खटकन पडला पाहिजे. परत जोडा, आपोआप ओढला नाही पाहिजे. ओव्हरलोडचं टेस्ट बटन दाबा, परत पडला पाहिजे. मग रिकाम्या हुकाने, मग अर्ध्या, मग पूर्ण ओझ्याने वर-खाली करा. ब्रेकिंग चालू असताना बसचा व्होल्टेज डिस्प्लेवर बघत राहा.

तापमान इन्फ्रारेड गनने बघत असाल तर चकचकीत ॲल्युमिनियमवर ती खूप कमी दाखवते. केसवर बोटभर जागी उष्णता सोसणारा मॅट काळा रंग लावा, वाळला की त्या ठिपक्यावर गन धरा. मी एकाच केसवर शेजारी-शेजारी मोजलं तेव्हा उघड्या धातूवर ६० आणि काळ्या ठिपक्यावर १४० आले होते.

रेझिस्टर नेहमीपेक्षा गरम वाटला तर

मोटर उभी असताना रेझिस्टर गरम आहे का, हे सर्वांत आधी बघा. असेल तर चॉपर, अर्थ फॉल्ट किंवा व्होल्टेजचं सेटिंग. एक खूण फार उपयोगी आहे. लाइन बंद केल्यावर ड्राइव्हचा डिस्प्ले सहसा काही सेकंद रेंगाळतो, कारण कपॅसिटर हळूहळू रिकामे होतात. चॉपर शॉर्ट असेल तर ते रेझिस्टरमधून क्षणात रिकामे होतात आणि डिस्प्ले लाइनबरोबरच विझतो. ही खूण दिसली तरी मीटरने मोजल्याशिवाय हात घालायचा नाही.

मग रेझिस्टरच्या दोन्ही वायरी सोडवा, मीटर डायोड मोडवर घ्या, आणि पीबी आणि एन मायनसमध्ये दोन्ही दिशांनी तपासा. चांगल्या चॉपरला एका दिशेने डायोडचा ड्रॉप दिसतो, दुसऱ्या दिशेने ओपन. दोन्ही दिशांनी शून्य आलं तर आयजीबीटी गेला. मग तो ड्राइव्ह नुसता रेझिस्टर बदलून चालू करू नका, नवा रेझिस्टर तासाभरात जुन्यासारखाच होईल. रेझिस्टरही मोजा: छापील ओहमपेक्षा १०-१५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर आत वेटोळे तुटले किंवा चिकटले आहेत. लग कसलेले आहेत का ते बघा, काळा-निळा पडलेला लग म्हणजे ढिला संपर्क.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, ऊन चढण्याआधी, हे सगळं एकदा करून घ्या: धूळ, लग, मेगर, ओहम, कॉन्टॅक्टरचे पॉइंट, आणि थर्मल स्विचची वायर सोडून कॉन्टॅक्टर पडतो का ते. जालन्याच्या त्या मिलमध्ये आता पॅनेलच्या दारावर आतून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर रेझिस्टरचे ओहम, वॅट, रिलेचं सेटिंग, शेवटच्या टेस्टची तारीख आहे, आणि खाली तिथल्या वायरमनने थर्मल स्विचच्या टर्मिनलबद्दल स्वतःच्या अक्षरात लिहिलंय: "टर्मिनल ४१-४२ ला लूप मारू नये. ट्रिप झाला तर आधी वर जाऊन रेझिस्टर बघावा."